घंटा कुठपर्यंत ऐकू जाते?

पाढेबाई मुलांचं वाचन डोळे मिटून ऐकत. त्यांना डुलकी लागते असं कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. डोळे मिटले की कान तिखट होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. बत्तीस वर्षं दुसरीचा वर्ग त्यांनी असाच ऐकला होता. मूल अडखळलं की बाईंची डावी भुवई वर जायची, आणि ती भुवई बघून मूल आपोआप सुधारायचं. बाकी सगळा वेळ पाढे. बे एके बेपासून तिसापर्यंत. सकाळी त्यांचा वर्ग पाढे म्हणायला लागला की रस्त्यापलीकडचा चहावाला घड्याळ न बघता दुसरं आधण ठेवायचा.

त्यांच्या वर्गाला लागून तिसरीचा वर्ग. मधे एक दार, त्याला कडी, आणि कडी कायम लावलेली. दारापलीकडे काबाई. हे नाव पोरांनी ठेवलेलं, कारण या बाई कशाचंच उत्तर सरळ देत नसत. मुंग्या रांगेत का चालतात? 'का बरं चालत असतील, चला बघू,' म्हणायच्या आणि आख्खा वर्ग घेऊन भिंतीपाशी ओणव्या व्हायच्या. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर प्रश्नांचे कागद चिकटवलेले, खिडकीत मातीची भांडी, बाकं रोज वेगळ्या दिशेला तोंड करून. पाढेबाईंना ते बघूनच कापरं भरायचं.

आता गंमत अशी, की काबाई ही पाढेबाईंची सख्खी सून. त्यामुळे भांडायला शाळा सुटायची वाट बघावी लागत नसे, आणि शाळा सुटली म्हणून भांडण थांबवावंही लागत नसे.

"मी पोरांना वर्षभर घडवून तुझ्याकडे पाठवते," पाढेबाई म्हणायच्या, "आणि तू त्यांना मुंग्यांच्या मागे लावतेस."

"आई, मुंग्या मोजताना तुमचेच पाढे लागतात त्यांना," सून म्हणायची.

"मग मोजू देत की वर्गात बसून."

"मुंग्या वर्गात येत नाहीत ना."

या दोघींच्या मधे मुलगा. शिंपी माणूस, बाहेरच्या खोलीत मशीन घेऊन बसायचा. वाद चढला की तो मशीन जोरात चालवायचा. लग्नाला सहा वर्षं झाली, तेवढ्यात त्याचा शिवणाचा वेग बराच वाढला होता.

असं सगळं सुखात चाललेलं असताना फिरकीचं प्रकरण उभं राहिलं.

फिरकी तिसरीतली मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून फिरकी. रोज उशिरा यायची, हेडसर तिला रोज व्हरांड्यात उभं करायचे, आणि तिथे उभ्या उभ्याही तिला काहीतरी सापडायचं. काबाईंचा तर तिच्यावर फार जीव. भिंतीवरच्या प्रश्नांतले निम्मे हिचेच. सावली सकाळी लांब का? साबणाचा फेस रंगीत साबणाचाही पांढराच का? आणि सगळ्यात ताजा, व्हरांड्यात उभं असताना सुचलेला: घंटा कुठपर्यंत ऐकू जाते?

एके दिवशी हेडसरांनी तिसरीची वाचनाची चाचणी घेतली. न पाहिलेला उतारा, एकेकाला बोलावून. सगळी पोरं बऱ्यापैकी वाचून गेली. फिरकी मात्र कागदाकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, मग सरांच्या पेनाकडे. पहिली ओळसुद्धा आली नाही तिला.

हेडसर वाईट माणूस नव्हते, पण नियमाचे पक्के. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सरळ सांगितलं, "तीन आठवडे देतो. तेवढ्यात अनोळखी उतारा वाचता आला नाही, तर मुलगी परत दुसरीत."

परत दुसरीत म्हणजे बाळांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. फिरकीला हे कळलं तेव्हा तिनं एकही प्रश्न विचारला नाही, आणि काबाईंना त्याचंच जास्त भय वाटलं.

पाढेबाईंना मात्र, खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्या झाल्या. "सर, माझ्याकडे होती तेव्हा चोवीसच्या चोवीस धडे घडाघडा वाचायची ही मुलगी," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "माझ्या सहीनं 'अ' श्रेणी आहे. वर्षभर मुंग्या मोजल्यावर अक्षरं विसरणार नाही तर काय होणार?"

सून मान खाली घालून बसली. एरवी एकाला दोन ऐकवणारी, पण त्या दिवशी गप्प.

शाळा सुटल्यावर पाढेबाईंनी फिरकीला आपल्या वर्गात थांबवलं. शिळ्या कढीला ऊत आणायचा म्हणून नव्हे, पण सुनेला एकदा दाखवून द्यायचंच होतं. मधल्या दाराची कडी त्यांनी स्वतः काढली. सून उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"हं, अकरावा धडा काढ," बाईंनी दुसरीचं जुनं पुस्तक पुढे सरकवलं. फिरकीनं बदकाचं चित्र बघितलं आणि सुरू केलं. काय ते वाचन. स्वच्छ, ठसठशीत, पूर्णविरामाला बरोब्बर थांबून. पाढेबाईंनी डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान. डावी भुवई जागची हलली नाही.

मग एकदम हलली.

अकरावा धडा दोन पानांचा. बदक तळ्यात उतरलं की पान उलटावं लागतं. बदक उतरलं, पोहलं, पलीकडे जाऊन वाळलंसुद्धा, पण पान उलटल्याचा आवाज काही आला नाही. बत्तीस वर्षांचे तिखट कान होते ते. बाईंनी डोळे उघडले.

फिरकीचं बोट बदकाच्या चित्रावर होतं. नजर खिडकीबाहेर, कौलावर बसलेल्या मांजराकडे. आणि तोंडानं धडा अखंड चालू.

बाईंनी हात पुढे करून पान उलटलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

फिरकीचे ओठ हलायला लागले. ती धड्याच्या पहिल्या शब्दापासून मनातल्या मनात म्हणत त्या शब्दापर्यंत पोहोचायला निघाली होती. मधेच हिशेब चुकला, तेव्हा परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदाही चुकला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, सगळे म्हणतात तेव्हा मला येतं. एकटं अक्षर असलं की ते कुणीच बोलत नाही."

पाढेबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चोवीस धडे. पोरीनं चोवीस धडे नुसते ऐकून पाठ केले होते, आणि आपण डोळे मिटून, मान डोलावून, खाली सही ठोकली होती. सुनेकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मटार सोलायचे होते. दोघी समोरासमोर बसल्या. बाहेर मशीन बंद. मुलगा कान देऊन बसला असणार.

"तुला माहीत होतं?" शेवटी पाढेबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग सरांसमोर तोंड का उघडलं नाहीस? तुझ्या जागी मी असते तर गावभर केलं असतं."

सून शेंग हातात धरून थांबली. "कारण माझंही तेच झालं होतं, ते मला चाचणीच्या वेळीच कळलं. माझ्या वर्गात सगळं गटात चालतं. फिरकी विचारते, बाकीची लिहितात. तिचे प्रश्न इतके चांगले असायचे की मी खूश. आठ महिन्यांत मी तिच्या हातात पेन्सिल दिलीच नाही. तुम्ही डोळे मिटून फसलात, मी उघडे ठेवून."

पाढेबाईंना वाटलं होतं की चूक अर्धी वाटून घेतली की हलकं वाटेल. तसं झालं नाही. लेकरू त्यांच्या दोघींच्या मधल्या दारात अडकून राहिलं होतं, आणि त्या दोघी कडी कुणी लावली यावर सहा वर्षं भांडत बसल्या होत्या. त्यांना फार लाज वाटली, आणि तसं त्यांनी म्हणूनही टाकलं, "लाज वाटते मला." सासूनं सुनेसमोर असं म्हणणं ही त्या घरातली पहिलीच वेळ.

एवढ्यात मुलगा दारात येऊन म्हणाला, "मी काय म्हणतो, नुसतं बटण लावून उपयोग नाही, काज पण पाहिजे, आणि नुसतं काज—"

"तू मशीन चालव," दोघी एकदम म्हणाल्या. कित्येक वर्षांत त्यांचं एकमत झालं ते हे.

दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी अर्धा तास फिरकी पाढेबाईंकडे. उशिरा येणाऱ्या मुलीला लवकर कसं आणायचं? बाई स्वतः तिच्या घरून तिला घेऊन यायच्या. पहिले तीन दिवस नाकी नऊ आले. पुस्तक उघडलं की पोरगी चित्र बघून धडा सुरू करायची, थांबवलं की विचारायची, "बाई, या अक्षराला शेपटी का?" बाईंच्या तोंडावर आलं होतं, 'शेपटीशी काय करायचंय तुला, वाच मुकाट्यानं.' पण त्यांनी ते गिळलं आणि म्हणाल्या, "शेपटी नसलेलं दाखव बघू याच ओळीत." फिरकीनं दाखवलं. पाच दाखवली. म्हणजे दोन अक्षरांतला फरक पोरीला डोळ्यांनी कळत होता. हे बाईंनी बत्तीस वर्षांत कुणाला विचारलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी मुलाची कात्री मागितली.

"कशाला?" मुलानं विचारलं. कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते, म्हणून तो ती कुणाला देत नसे.

"पुस्तक कापायचंय."

त्यानं निमूटपणे कात्री दिली. दुसरीचं ते पुस्तक बाईंचं स्वतःचं, पुठ्ठा घातलेलं, कोपरे शिवलेले. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी चोवीस धडे शब्द शब्द करून कापले आणि दोऱ्याच्या रिकाम्या डब्यात टाकून कालवले. आता कुणी कितीही पाठ केलेलं असो, डब्यातून कुठला शब्द बाहेर येईल ते देवालाही ठाऊक नव्हतं. सून बघत होती. तिनं न सांगता शेजारी बसून उरलेले धडे कापायला घेतले.

फिरकीला डबा फार आवडला. हात घालायचा, शब्द काढायचा, अक्षराला अक्षर जोडायचं. त-ळं. तळं. कं-दी-ल. कंदील. रोज वीस, मग तीस, मग दोन-दोन शब्द जोडून. चुकली तर बाई सांगत नसत, "परत बघ," एवढंच म्हणायच्या. कंटाळा यायचा, रडू यायचं, एकदा डबा उपडाही झाला. पण रोज अर्धा तास म्हणजे अर्धा तास. त्यात बाई तसूभरही सवलत देत नसत. आणि दारापलीकडे काबाईंनी नियम केला होता: ज्याचा प्रश्न, त्यानंच तो कागदावर लिहायचा. फिरकीचे प्रश्न दोन दिवस आटले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर एक कागद लागला, वेडावाकडा, पण तिच्या हातचा: घंटा कुठपर्यंत ऐकू जाते?

मग काबाई म्हणाल्या, "चला, बघू."

आधी पावलांनी अंतर मोजलं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत उंच मुलाची शंभर पावलं, बुटक्या मुलीची एकशे छप्पन्न. दोघांची जुंपली. प्रकरण पाढेबाईंकडे आलं, कारण मधलं दार आता उघडंच असायचं. त्यांनी आपल्या शिंपी मुलाची टेप घेतली आणि बरोब्बर बारा मीटरची दोरी करून दिली. "टाका दोरी, मोजा किती वेळा पडते, आणि बाराच्या पाढ्यानं अंतर काढा. माझी बाळं सांगतील तुम्हाला, तुम्ही विसरला असाल तर."

तीन आठवडे संपले तो दिवस आला. सकाळी चार जोड्या चार ठिकाणी गेल्या: दुकान, दवाखाना, पाण्याची टाकी, आणि सगळ्यात लांब, एक गल्लीच्या टोकाला. घंटा वाजवायचा मान फिरकीचा. शिपाईमामांनी हातोडी तिच्या हातात दिली आणि स्वतः कान झाकून उभे राहिले. तिनं जीव खाऊन दहा टोले दिले. प्रत्येक जोडीनं काय ऐकू आलं ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी घडी करून रिकाम्या केलेल्या दोऱ्याच्या डब्यात टाकायची, आणि फिरकीला तोंडानं अवाक्षर सांगायचं नाही. "जो बोलेल त्यानं एकोणतीसचा पाढा दहा वेळा म्हणायचा," अशी पाढेबाईंची धमकी होती. पोरांनी ओठ हातानं धरून ठेवले.

फिरकी तासभर तडफडत होती. "सांग ना, दवाखान्यापाशी आली का ऐकू?" कुणी सांगेना. तिची घंटा, तिचा प्रश्न, आणि उत्तर डब्यात.

दुपारी हेडसर आले. त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. फिरकीनं चार ओळी वाचल्या. हळू, बोट ठेवून, एका मोठ्या शब्दापाशी दोनदा मागे येऊन, पण वाचल्या.

हेडसरांनी पाढेबाईंकडे बघितलं. "बाई, वाचलं खरं. पण मागे 'अ' श्रेणीही होती. हे कात्रण शिक्षकांच्या खोलीत सकाळपासून पडलं होतं. कुणी पाठ करून घेतलं नसेल कशावरून?"

एरवी पाढेबाईंनी त्यांना फाडून खाल्लं असतं. "बरोबर विचारलंत," त्या म्हणाल्या. "मी एकदा फसले आहे. कानाला खडा लावलाय." आणि त्यांनी डबा पुढे ठेवला. "या चिठ्ठ्या सकाळी लिहिल्यात. लिहिणाऱ्यांशिवाय कुणी पाहिलेल्या नाहीत. मीसुद्धा नाही."

फिरकीनं परवानगीची वाटही पाहिली नाही. डब्यात हात घातला.

"दु-का-न. दुकान. दोरी सात वेळा. घंटा... मोठी ऐकू आली. दहा टोले."

"बारा साते?" काबाईंनी विचारलं. तिसरी विचारात पडली, तेवढ्यात दारापलीकडून दुसरीतल्या बाळांनी न विचारता गर्जना केली, "चौऱ्याऐंशी."

"दवाखाना. दोरी पंधरा वेळा. घंटा ऐकू आली. एक टोला... गाडीच्या आवाजात गेला." वर्ग हसला. बारा दाहे एकशेवीस, बारा पंचे साठ, मिळून एकशेऐंशी. हे तिसरीनं स्वतः केलं. टाकीपाशी दोरी सव्वीस वेळा पडली होती, आणि घंटा बारीक, म्हणजे कान टवकारले तरच. फिरकीचा आवाज आता वाढत चालला होता. बोट शब्दांवरून सरकत होतं. पाढेबाई चष्मा लावून, डोळे टक्क उघडे ठेवून त्या बोटाकडे बघत होत्या.

शेवटची चिठ्ठी मोठी होती. फिरकीनं एकेक शब्द सोडवला.

"दोरी... अडतीस वेळा. आम्ही खूप वेळ... थांबलो. घंटा... ऐकू आली नाही. एकही टोला... नाही." ती थांबली. पुढची ओळ तिनं मनात वाचली, ओठ न हलवता. मग मोठ्यानं वाचली. "इथे फिरकीचं घर आहे."

फिरकीनं चिठ्ठी पुन्हा वाचली, पहिल्यापासून, या वेळी न अडखळता, आणि हेडसरांकडे वळून म्हणाली, "सर, म्हणून मी उशिरा येते. मला माहीतच नव्हतं."

वर्षभर त्या पोरीला व्हरांड्यात उभं करणाऱ्या माणसानं चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "बारा अडतीसे किती?" त्यांनी विचारलं. चारशे छप्पन्न, पोरांनी फळ्यावर करून दाखवलं. "आणि... यावर करायचं काय मग?"

"तेच आता शोधायचंय, सर," फिरकी म्हणाली.

हेडसरांनी तिसरीच्या पटावर तिच्या नावापुढे 'परत दुसरीत' म्हणून केलेली पेन्सिलीची खूण खोडली. पाढेबाईंचे डोळे उघडे होते, पण त्यांना नीट दिसत नव्हतं. सुनेनं न बोलता आपला रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि नाक शिंकरून तसाच परत दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फिरकीला घ्यायला जायचं मुद्दाम टाळलं. फिरकी अर्थातच उशिरा आली. पण व्हरांड्यात न थांबता थेट पाढेबाईंच्या वर्गात शिरली आणि टेबलावर एक कागद ठेवून मधल्या दारानं तिसरीत पसार झाली. बाईंनी बाळांना सोळाचा पाढा सुरू करायला सांगितला आणि कागद उघडला.

'बाई, आज मी पंधरा मिनिटं उशिरा आले. पूर्वी वीस व्हायची. घंटा ऐकू आली नाही. मी समोरच्या बेकरीचं दार उघडतं तेव्हा निघाले. उद्या दूधवाल्याबरोबर निघून बघते. तुम्ही घ्यायला येऊ नका, नाहीतर कळणार नाही.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग कपाटातून गेल्या वर्षीचा पट काढला, फिरकीच्या नावापुढची 'अ' श्रेणी शोधली, त्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी आजची तारीख घातली, आणि पुन्हा 'अ' लिहून खाली सही केली. बाळं सोळा सातेपाशी अडखळली होती. बाईंनी डोळे न मिटता मान वर केली आणि म्हणाल्या, "परत बघा."